पट्टा कुणी थांबवला?

४ जानेवारी

प्रिय ढोल्या,

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हो हो, बघू" म्हणतोस आणि विसरतोस. पत्राला मात्र उत्तर देतोस. मी वसतिगृहात होते आणि तू अजून शाळेत फळ्यावरचं नीट उतरवतही नव्हतास, तेव्हापासून आपला नियम आहे, महत्त्वाचं ते कागदावर.

तर काम असं. विशी-पंचविशीतल्या मुलामुलींच्या वजनाचा त्यांच्या हृदयावर आणि फुप्फुसांवर काय परिणाम होतो, हे आम्ही आमच्या प्रयोगशाळेत तपासतोय. माणसाला ट्रेडमिलवर चालवायचं, हळूहळू चढ वाढवत न्यायचा, तोंडावर मुखवटा लावून आत-बाहेर जाणारी हवा मोजायची. तो स्वतः "बास" म्हणेपर्यंत. त्या क्षणी त्याचं शरीर किती प्राणवायू वापरत होतं ते बघायचं आणि त्याला वजनानं भागायचं. उत्तर जेवढं मोठं, तेवढा दम मोठा.

अडचण अशी की सडपातळ मुलं रांग लावून येतात. जाड मुलं दारावरची पाटी वाचून परत फिरतात. त्यांना वाटतं, आत कुणीतरी हसेल. मला तू हवास. तू वजनानं दांडगा आहेस, तरुण आहेस आणि स्वतःवर हसायला घाबरत नाहीस.

तुझं नाव, तुझा चेहरा कुणाला कळणार नाही. हा माझा शब्द. तुझ्या ताईनं आजवर शब्द मोडलाय का?

मामीला नमस्कार सांग. येताना उपाशी ये, नंतर मी खाऊ घालीन.

तुझी ताई


१९ जानेवारी

प्रिय ताई,

सुखरूप पोहोचलो. पायांच्या पोटऱ्या अजून माझ्याशी बोलत नाहीत, बाकी ठीक.

आईला सगळं करून दाखवलं. नाकाला चिमटा, तोंडावर तो रबरी मुखवटा, त्यातून निघालेली नळी. आई म्हणाली, "म्हणजे हत्तीच केला की रे तिनं तुझा!" मग एकटीच हसत बसली. बाबा गेल्यापासून ती अशी फार हसत नाही, म्हणून मी सोंड हलवून पुन्हा एकदा दाखवलं.

खरं सांगू? येताना भीती वाटत होती. तलावावरची पाळी संपवून तसाच बसमध्ये बसलो, कपडे बदलायलाही थांबलो नाही, न जाणो घरी गेलो तर परत निघवणारच नाही. पण तू इतकं नीट समजावलंस की भीती गेली. "मुखवट्यातून बोलता येणार नाही, म्हणून हातानं सांगायचं. अंगठा दाखवला तर चालू दे. तळवा दाखवला तर थांब." एवढं सोपं. आणि त्या पट्ट्यावर मला मजा येत होती, ताई! घाम धो धो वाहत होता, छाती भात्यासारखी चालली होती, पण आत कुठेतरी अजून जागा आहे असं वाटत होतं. पाण्यात मला नेहमी वाटतं तसं.

तेवढ्यात तो पट्टाच घसरायला लागला. जळक्या रबराचा वास आला. माझ्या वजनाला तुमचं यंत्र कंटाळलं. मी अंगठा दाखवायला हात वर केला आणि तू लाल बटण दाबलंस. मी मुखवटा ओढून ओरडलो, "अगं, अजून चालतो की मी!" आणि तू म्हणालीस, "तू चालशील रे, यंत्र चालत नाही." आपण दोघं किती हसलो.

तू म्हणालीस ते मान्य. जिने चढताना मला धाप लागते. उगाच फुशारकी मारणार नाही. तळमजल्यावर राहायला आलो तेव्हापासून तर जिना बघायलाच मिळत नाही. पण तरणतलावावर खोल पाण्याच्या टोकाला माझी उंच खुर्ची आहे ना, तिच्यावर बसलो की मी दुसराच माणूस असतो. मॅनेजर साहेब म्हणतात, "तू बसलास की पालक निवांत पेपर वाचतात." पाणी माझं वजन विचारत नाही, ताई. मीही त्याला सांगत नाही.

निकाल काय आला ते कळव. आणि मागे तिपाईवर तो कॅमेरा होता, तो चालण्याची ढब बघायला म्हणालीस, त्यात काही विनोदी दिसलं तर तेही कळव.

तुझा ढोल्या


२ मार्च

प्रिय ढोल्या,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. कामाचा नुसता डोंगर आहे.

तुझा निकाल अजून बघून झालेला नाही. पट्टा मध्येच थांबला, त्यामुळे ते जरा किचकट आहे. सवडीनं बघते.

एक आनंदाची बातमी. माझं मोठं जाहीर व्याख्यान ठरलंय. विषय आपलाच, "तरुण वजन आणि थकलेलं हृदय". सभागृह भरलेलं असेल, वर चित्रीकरणही होणार. विभागप्रमुख म्हणाले, "नुसते आकडे सांगू नका. आकडे ऐकून लोक जांभया देतात. त्यांना एक माणूस दाखवा." पटलं मला. आलेखावरचा ठिपका कुणाच्या काळजाला हात घालत नाही.

तू यायची धडपड करू नकोस. रविवार आहे, तलावावर गर्दी असेल, रजा मागून मॅनेजरांची खप्पामर्जी कशाला? मी नंतर सगळं सांगीनच.

मामीला म्हणावं, तेल जपून.

तुझी ताई


१४ मार्च

ताई,

"प्रिय" लिहायला हात उचलला नाही.

तुझं व्याख्यान मी पाहिलं. तू सांगायच्या आधीच. आमच्या तलावावर उथळ बाजूला बसतो तो दुसरा जीवरक्षक, ज्याला आम्ही काडी म्हणतो, तो फोन नाचवत आला. "अरे, हा तूच ना? चेहरा पुसलाय, पण हा पार्श्वभाग मी कुठेही ओळखीन!" त्याला वाटलं, मी हसेन. मी नेहमी हसतो ना.

चेहरा पुसलास, ताई. शब्द पाळलास! वकील लोक असाच पाळतात. पण माझ्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचायचं राहिलं का? की वाचूनच ठेवलंस? मी पाळी संपवून तसाच आलो होतो. अंगात तलावाचा शर्ट होता. पाठीवर वीतभर अक्षरांत "जीवरक्षक".

राहिलं नव्हतं. तू पडद्याकडे बोट केलंस आणि म्हणालीस, "ज्यानं दुसऱ्यांचा जीव वाचवायचा, त्याच्या स्वतःच्या छातीत किती दम आहे, पाहा." मग माझी पाठ. डुगडुगणारी कंबर. ओला शर्ट. मग माझा हात वर जायला लागतो आणि तिथेच चित्र थांबतं. तू गंभीर आवाजात म्हणतेस, "इथे त्याचा दम संपला." आणि सभागृह हसतं. आधी दबकत, मग मोकळं.

माझा दम संपला? कुणाचा दम संपला, ताई? पट्टा कुणी थांबवला? हात वर गेला तो कशासाठी, हे त्या खोलीत दोन माणसांना माहीत होतं. एकाचं तोंड मुखवट्यात होतं. दुसरीनं हात अर्ध्यावर कापला. आणखी एक क्षण चित्र पुढे गेलं असतं तर भरल्या सभागृहाला माझा अंगठा दिसला असता! तेवढा एक क्षण तुला जड झाला?

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांनी बोलावलं. खुर्चीत अवघडून बसले होते बिचारे.

"तू काही दिवस चाव्यांच्या खिडकीत बस."

"साहेब, माझ्या हातून काही चुकलं का?"

"चुकलं असं नाही रे. पालकांचे फोन येतायत. एवढ्या मोठ्या बाई सांगतायत, शास्त्र सांगतंय. मी त्यांना काय सांगू?"

तर सध्या मी लोकांना लॉकरच्या चाव्या देतो. पोहायला शिकणारी पोरं खिडकीत डोकं घालून विचारतात, "काका, दम संपला का?" मी तेविसाव्या वर्षी काका झालो, हेही तुझ्याच कृपेनं. माझ्या खुर्चीवर कुणीच बसत नाही. काडी दोन्ही टोकांना धावतो. रिकामी खुर्ची खिडकीतून दिसते. नेमकी तीच दिसते.

जाड माणसाला लोक हसतात, हे मला नवं नाही. शाळेपासून हसतात. पण ते रस्त्यावरचे लोक होते. तू माझ्या ताटातलं खाल्लेली माणूस आहेस. मी तुझ्याकडे आलो, कारण दारावरची पाटी वाचून परत फिरणाऱ्यांना वाटतं ती भीती खोटी आहे, असं तू म्हणालीस. ती खोटी नव्हती. आत हसणारं माणूस होतं. फक्त ते माझ्याच घरचं होतं.

मला काय हवंय ते सांगतो. ज्या तोंडानं "इथे त्याचा दम संपला" म्हणालीस, त्याच तोंडानं जाहीरपणे सांग, की पट्टा यंत्रामुळे थांबला. आणि मॅनेजर साहेबांना फोन कर. माझी खुर्ची मला परत मिळवून दे.

मामेभाऊ


२० मार्च

प्रिय ढोल्या,

तुझं पत्र वाचून रडले. मग रागही आला. दोन्ही लिहिते.

शर्टावरून तुला ओळखतील, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तिथे मी चुकले. पण तू म्हणतोस, मी हसले. मी हसले नाही. हसले ते लोक.

त्या सभागृहात बसलेली निम्मी पोरं तुझ्यासारखी होती, ढोल्या. विशीतच ज्यांना एक मजला चढून टेकावं लागतं. ती म्हणतात, "आम्ही तरुण आहोत, आम्हाला काय होतंय?" तरुण असणं हे काय चिलखत आहे? वाढलेला प्रत्येक किलो हृदयाच्या त्या मुठीएवढ्या स्नायूला रोज ओढायचा असतो, झोपेतही. पोटाची चरबी छातीच्या पडद्याला खालून ढकलते, फुप्फुसाला पुरतं उघडू देत नाही. हे मी गेली कित्येक वर्षं मोजतेय. ओरडून सांगतेय. कुणी ऐकत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. व्याख्यान झाल्यावर एक मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "उद्यापासून चालायला लागते." त्या एका मुलीसाठी मी शंभर वेळा तसंच करीन.

आणि मला असं का वाटतं, हे तुला माहीत नाही? मामा गेला तेव्हा तू शाळेत होतास. मी घरी होते. तो दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दुसऱ्या मजल्याचा जिना चढत होता. मध्ये पायरीवर बसला. मला म्हणाला, "जरा दम खातो, तू हो पुढे." मी पुढे झाले. दार उघडलं, दिवा लावला, पाणी भरलं. तो आलाच नाही. तुझा चेहरा, तुझी चाल, तुझं बसणं, सगळं मामाचं आहे. तू पट्ट्यावर होतास तेव्हा मला तू दिसत नव्हतास.

पट्ट्याचं म्हणशील तर ती तांत्रिक अडचण होती. एवढ्या बारकाव्यात सामान्य श्रोता शिरत नाही. ते दृश्य प्रतीकात्मक होतं.

तरी तुझं नुकसान व्हावं असं मला स्वप्नातही वाटणार नाही. मॅनेजरांना मी उद्याच फोन करते. काळजी करू नकोस, मी सगळं नीट सांगते त्यांना.

तुझीच ताई


५ एप्रिल

ताई,

तुझं ते पत्र मी आईला वाचून दाखवलं होतं, जिन्याचा भाग सोडून. दोघांना बरं वाटलं होतं. आई म्हणाली, "रागावू नकोस तिच्यावर. बाबांच्या वेळी तीच होती घरात." मी विरघळलो. माझं काय, मला विरघळायला वेळ लागत नाही, चरबीच ना सगळी. तुला माफीचं पत्र लिहायला बसलो होतो. अर्धं झालंही होतं.

त्याच दिवशी मॅनेजर साहेब खिडकीशी आले. इकडे-तिकडे बघत उभे राहिले.

"तुझ्या ताईंचा फोन आला होता."

"हो ना साहेब? मग? कधीपासून बसू खुर्चीवर?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आजवर कधी ठेवला नव्हता. "तुझे वडील असे गेले हे तू कधी बोलला नाहीस."

मला कळेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तू त्यांना नीट सांगितलंस, खरंच अगदी नीट! वजन उतरेपर्यंत त्याला खोल पाण्यापाशी बसवू नका. घराण्यात हृदयाचा त्रास आहे. वडील जिन्यात गेले. उद्या पाण्यात काही झालं तर जबाबदारी तुमची. पट्ट्याबद्दल बोललीस का, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "कसला पट्टा?"

ताई, तू फोन करणार म्हणालीस आणि केलास. शब्द पुन्हा पाळलास! तुझ्या शब्दांची आता मला भीतीच वाटते. ते पाळले जातात आणि माणूस मरतो.

पहिल्यांदा तू माझी पाठ विकलीस. ठीक आहे, पाठ माझी होती. या वेळी तू बाबांना नेलंस. पायरीवर बसलेले बाबा तू मला दिलेस, कुणाला न सांगितलेलं सांगितलंस, म्हणून मी ते उराशी धरून बसलो. आणि तेच दुसऱ्या दिवशी तू एका परक्या माणसाला फोनवर दिलेस, माझी खुर्ची माझ्यापासून लांब राहावी म्हणून. बाबांच्या मरणाचा असा वापर करताना तुझी जीभ अडखळली नाही?

तू म्हणशील, प्रेमापोटी. मग ते प्रेम माझ्याशी का बोललं नाही? माझ्या छातीत खोट आहे अशी भीती वाटत होती, तर पहिली बातमी मला द्यायची की सभागृहाला? मला वाचवायचं होतं तर मला विचारायचं. मी शर्ट नव्हतो, मी प्रतीक नव्हतो. मी तिथे उभा होतो, घामानं निथळत, आणि "अजून चालतो" म्हणत होतो.

आणि तुझी ती मुलगी, उद्यापासून चालणारी. तिनं खऱ्यावर चालायला हवं. खोट्यावर चाललेली पावलं कधीतरी परत फिरतात. वजनाचं तू म्हणतेस ते खरंच असेल, मी कुठे नाही म्हणतो? पण मग खरं सांगायला खोटं दृश्य कशाला लागलं? तू भागाकार करणार होतीस. भागायच्या आधीच पाटी पुसलीस.

मी दोन गोष्टी केल्या. पहिली, इथल्या डॉक्टरांकडे गेलो. छातीला तारा लावून सगळं तपासलं. हृदय ठणठणीत आहे म्हणाले. रक्तदाब थोडा वर आहे, वजन कमी करायलाच हवं, आणि पोहणं अजिबात सोडू नकोस. तेही बोलले तुझ्यासारखंच, पण दार बंद करून, माझ्याशी.

दुसरी गोष्ट. मॅनेजर साहेबांना म्हणालो, "फोनवर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही ठेवू नका. पाण्यात बघा." ते तयार झाले. येत्या रविवारी तलाव बंद ठेवून सगळ्या कामगारांसमोर आणि शिकणाऱ्या पोरांसमोर माझी परीक्षा आहे. जीवरक्षकाला जे जे करावं लागतं ते सगळं. नापास झालो तर चाव्यांची खिडकी कायमची, हे मी स्वतःहून कबूल केलंय.

तू ये. बाकी काही करू नकोस. त्या माणसासमोर उभी राहा आणि एकच वाक्य बोल: "पट्टा मी थांबवला." मग हवं तर माझ्याकडे न बघता परत जा.

मामेभाऊ


९ एप्रिल

प्रिय ढोल्या,

रविवारी येणं शक्य नाही. त्याच दिवशी परिषद आहे. माझं व्याख्यान आता वेगवेगळ्या शहरांत व्हायचंय, त्याची बोलणी तिथेच होणार आहेत. मी अशा वेळी उभी राहून "मी जे दाखवलं ते तसं नव्हतं" म्हटलं, तर केवळ त्या दृश्यावर नाही, माझ्या सगळ्या कामावर लोक बोट ठेवतील. खरं मोजलेलंही खोटं ठरेल. कितीतरी मुलांची मोजमापं त्यात आहेत. त्यांचं काय?

पण तुझ्या मनासारखं केलंय. ते दृश्य व्याख्यानातून काढून टाकलं. चित्रीकरणातूनही काढायला लावलं. आता ते कुठेच नाही. मग तक्रार तरी कशाची उरली?

आणखी एक. अखेर तुझा निकाल मी बघितला. पट्टा थांबला तेव्हा तू जेवढी हवा आत-बाहेर करत होतास, तेवढी आमच्याकडे आलेल्या एकाही मुलानं केलेली नाही. भाता मोठा आहे तुझा. वजनानं भागलं की आकडा खाली येतो, आणि शेवटपर्यंत गेला नसल्यामुळे तो भागाकार तसाही धरता येत नाही. सायकलवर बसवून, वजन आसनावर ठेवून मोजायला हवं होतं. ते माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही.

हे मी कुणाला बोलले नाही. तुलाच सांगतेय.

पाण्यात उतरू नकोस. ईर्षेला पेटून तर मुळीच नको. मला खरंच भीती वाटते रे. मी पुढे गेले आणि मागे कुणी आलंच नाही, असं आयुष्यात पुन्हा नको.

ताई


१५ एप्रिल

ताई,

उतरलो.

आधी वाईट ते सांगतो. परीक्षेची सुरुवात काठावरच्या धावण्यानं होती, तलावाला पूर्ण वळसा. तिथे मी हरलो. काडी वाऱ्यासारखा गेला आणि मी मागून आलो. गुडघ्यांवर हात टेकून उभा होतो, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तिकिटं फाडणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, "देवा, पोराला बसू द्या रे." मॅनेजर साहेब चेहरा पाडून घड्याळ बघत होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, बघा. आणि त्या काठावर तू बरोबर होतीस. तिथे मी वजन पेलत होतो, आणि वजन जिंकलं. हे लिहायला मला लाज वाटत नाही. मला खरं मोजून घ्यायची कधीच लाज नव्हती.

मग पाणी.

तळाशी टाकलेली रबरी वीट आणली. पुन्हा टाकली, पुन्हा आणली. मग बुडणाऱ्या माणसाला ओढून आणायचं. बुडणारा माणूस म्हणून काडीच. तो आडवा पडून पोरांना ऐकू जाईल असं ओरडत होता, "वाचवा! हा मला खाईल!" एका हातानं त्याची हनुवटी धरली, दुसऱ्या हातानं पाणी कापायला लागलो. ठरलं होतं तेवढं अंतर झालं. मी म्हणालो, "साहेब, अजून." दुसऱ्या टोकाला गेलो, वळलो, परत आलो, पुन्हा वळलो. काडीची बडबड थांबली. काठावरची हसणारी पोरं गप्प झाली. नुसता माझा श्वास ऐकू येत होता. मोठा होता, पण धाप नव्हती. आत अजून जागा होती, ताई. तुला म्हणालो होतो ना.

परीक्षेआधीच मी सगळ्यांना तुझ्या खुणा शिकवल्या होत्या. अंगठा म्हणजे चालू दे, तळवा म्हणजे थांब. तूच शिकवलेल्या, म्हणून श्रेयही तुझं.

एका वळणावर माझं तोंड पाण्याखाली गेलं. साहेब घाबरून काठावर वाकले. "बास का रे? थांबायचं?" दोघं उडी मारायच्या तयारीत. मी हात पाण्याबाहेर काढायला लागलो.

हात वर येत होता तेवढ्या वेळात माझ्या मनात काय आलं, ते तुला कधी कळणार नाही. वाटलं, आता हे ठरवून टाकतील. आता कुणीतरी लाल बटण दाबेल.

कुणी हललं नाही. हात पुरता वर येईपर्यंत सगळे थांबले. मग त्यांनी अंगठा पाहिला, आणि साहेब सरळ उभे राहिले.

एवढंच होतं, ताई. तुझ्याकडून एवढंच मागत होतो.

त्यानंतरही मी पोहलो. बऱ्याच वेळानं दंड भरून आले, छातीत खरोखर आग लागली, आणि मी तळवा दाखवला. मी दाखवला. माझा दम कुठे संपतो ते आता मला माहीत आहे. ती जागा मी स्वतः पाहून आलोय.

खुर्ची मिळाली. अट एकच, रोज सकाळी तलाव उघडायच्या आधी काठानं धावायचं, काडी सोबत. मी आनंदानं मान्य केली. सध्या अर्ध्या वळशात जीव कासावीस होतो. काडी उलटा धावत पुढे नाचतो आणि म्हणतो, "या काका, या." वजनही उतरवीन. तुझ्यामुळे नाही. तुझ्या तावडीतून सुटलो म्हणून.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तक्रार कशाची उरली म्हणतेस. तू दृश्य काढून टाकलंस. पण जे हसले त्यांच्या डोळ्यांतून कसं काढशील? खोटं पुसलंस की ते खोटं होतं हेही पुसलं जातं. आता पुरावाच नाही की तू माझा हात कापला होतास. उरलीस तू आणि उरलो मी. आणि माझा भाता सगळ्यांत मोठा होता, हे तू कुणाला सांगितलंस? मला. बंद पाकिटातून. माझी नामुष्की सभागृहात आणि माझं कौतुक पाकिटात! असा कसा गं तुझा तराजू?

तू म्हणतेस, खरं सांगितलं तर तुझं खरं कामही खोटं ठरेल. मला उलट वाटतं. तू व्यासपीठावर उभी राहून सांग, "मी एका माणसाचा हात अर्ध्यावर कापला, आता उरलेली मोजमापं ऐका", तर त्या मोजमापांवर पहिला विश्वास मी ठेवीन. तोवर नाही.

बाबांबद्दल शेवटचं. ते पायरीवर बसले आणि तू पुढे गेलीस, यात तुझा काडीचा दोष नव्हता. हे मी तुला मनापासून सांगणार होतो. त्या अर्धवट राहिलेल्या पत्रात ते लिहिलेलंही होतं. ते वाक्य खरं आहे, म्हणून आजही पाठवतो. पण त्या दिवशी तू नकळत पुढे गेली होतीस. या वेळी मी मागे उभा आहे हे तुला दिसत होतं.

आई विचारते, ताईचं पत्र का येत नाही. मी म्हणतो, कामात असेल.

यापुढे पत्र पाठवायचं असेल तर व्यासपीठावर बोलून झाल्यावर पाठव. आणि वर ढोल्या लिहू नकोस. ते नाव घरच्यांसाठी आहे.

खोल पाण्याच्या टोकावरून,
जीवरक्षक